ते घोरणं झोपेचं नसतं

बरेच दिवस हे लिहायचं टाळून राहिले होते. तीनदा सुरू केलं, तीनदा डिलीट केलं, कारण घरची गोष्ट आहे आणि आमच्याकडे घरची गोष्ट चार लोकांत सांगत नाहीत. पण मागच्या आठवड्यात मावशीच म्हणाली, "लिहून टाक वं, फक्त माह्या पोराचं नाव नको टाकू." म्हणून नाव टाकत नाही. माझा मावसभाऊ, एवढंच.

२६ वर्षांचा होता. चार वर्षं झाली. मे महिना, नागपूरचा मे म्हणजे रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर चटका बसते, आणि मावशीच्या दोन खोल्यांच्या घरात एकच कूलर, तो त्याच्याच खोलीच्या खिडकीला लावलेला कारण पोरगं तीन महिन्यांनी घरी आलं होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून. येऊन अकरावा दिवस होता. चेहरा भरला होता, वजन वाढलं होतं, सकाळी बाबांसोबत तर्री पोहे खायला चौकात जात होता, मावशीने तर त्याच्यासाठी नोकरीचं दोन ठिकाणी बोलूनही ठेवलं होतं.

रात्री दीडच्या सुमारास मावशी पाणी प्यायला उठली तर हा घोरत होता. जोरात, घशात पाणी अडकल्यासारखी घरघर, मग एकदम शांत, मग बऱ्याच वेळाने पुन्हा घर्रर्र. मावशीला बरं वाटलं. केंद्रातून आल्यापासून त्याला नीट झोपच लागत नव्हती, रात्र रात्र गच्चीवर फेऱ्या मारायचा, आणि आज कुठे गाढ झोपला. तिने त्याची चादर सारखी केली, लाइट घालवला, कूलर फुल करून दिला की झोपमोड होऊ नये. कूलरच्या आवाजात मग काहीच ऐकू आलं नाही. सकाळी साडेसहाला ती चहा घेऊन गेली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि अंग गार होतं.

ओळखीच्या एका डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहून दिलं. घरच्यांनाही तेच हवं होतं, पोलीस नको, पोस्टमॉर्टेम नको, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. गादीखाली पन्नी आणि रिकामी पुडी सापडली ती मामाने गुपचूप नाल्यात टाकून दिली. तेराव्यापर्यंत सगळे हार्ट अटॅकच म्हणत राहिले आणि मीही म्हणत राहिले.

आणि मी कोण, तर डी. फार्म. झालेली बाई, आठ वर्षं मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर उभी. मलाही माहीत नव्हतं. ही गोष्ट माझ्या छातीवर अजून बसलेली आहे. ट्रामाडोल काय, कोडीन काय, मॉर्फिन काय, हे सगळं परीक्षेत लिहून पास झाले, श्वास मंदावतो हा साइड इफेक्टही पाठ होता, पण माणूस मरतो तेव्हा घरात ते कसं दिसतं, कसं ऐकू येतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

तर सांगते. अफू, ब्राऊन शुगर म्हणजे गर्द, हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या काही गोळ्या आणि इंजेक्शनं, खोकल्याच्या कोडीनवाल्या बाटल्या, हे सगळं एकाच खानदानातलं, ओपिऑइड म्हणतात त्याला. मेंदूच्या खालच्या भागात आपला श्वास आपोआप चालवणारी जागा आहे, आपण झोपेत असलो तरी ती काम करत राहते. ओपिऑइड जास्त झालं की तीच जागा सुस्त होते. श्वास मिनिटाला बारा-पंधराचा सहा होतो, चार होतो, जीभ मागे पडते, घशात लाळ साचते आणि ती घरघर सुरू होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाढ झोप लागली. हृदय त्या वेळी चालूच असतं, ते नंतर थांबतं, हवा मिळाली नाही म्हणून. म्हणजे बहुतेक वेळा हे सेकंदात होत नाही, बऱ्याचदा तास-दीड तास लागतो, आणि तेवढ्या वेळात घरातलं कोणी ना कोणी जवळून गेलेलं असतं, चादर सारखी केलेली असते.

आणि तो अकरावा दिवस. हे मला सगळ्यात जास्त लागतं. रोज घेणाऱ्याच्या शरीराला सवय झालेली असते, त्याला जेवढा डोस पचतो तेवढा नवख्याला पचत नाही. दोन-तीन महिने बंद राहिला, केंद्रात म्हणा, जेलमध्ये म्हणा, दवाखान्यात म्हणा, की सवय उतरते पण डोक्यात जुनं मापच असतं. परत एकदा घेतलं तर जुन्याच मापाने घेतो आणि ते त्याला झेपत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास २००७ साली छापून आला, त्यांनी जेलमधून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा माग काढला होता, तर सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका बाकी लोकांच्या तुलनेत १२९ पट निघाला. १२९ पट! म्हणजे ज्या दिवसांत घरचे सगळ्यात निश्चिंत असतात, पेढे वाटून झालेले असतात, तेच दिवस सगळ्यात धोक्याचे. आमच्या पोराला केंद्रातून सोडताना काय सांगितलं तर संगत बदल, देवाचं नाव घे, आईबापाकडे बघ. सगळं बरोबर आहे, पण या पंधरा दिवसांबद्दल ना त्याला कोणी एक शब्द सांगितला ना मावशीला. शिवी द्यावीशी वाटते पण ती माणसंही वाईट नव्हती, त्यांनाही कोणी सांगितलं नसेल.

आता औषधाबद्दल. यावर औषध आहे, आणि माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे. नॅलॉक्सोन. १९६१ मध्ये अमेरिकेत जॅक फिशमन आणि मोझेस लेवेन्स्टीन यांनी त्याचं पेटंट घेतलं, १९७१ मध्ये तिथे मंजुरी मिळाली. मेंदूत ज्या जागी ओपिऑइड जाऊन बसलेलं असतं तिथून ते त्याला ढकलून देतं आणि दोन-तीन मिनिटांत माणूस श्वास घ्यायला लागतो. त्याची नशा होत नाही, सवय लागत नाही, आणि समजा माणसाने ओपिऑइड घेतलेलंच नव्हतं तरी देऊन काही बिघडत नाही. फक्त त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो, अंगातलं ओपिऑइड कधीकधी त्याहून जास्त वेळ राहतं, म्हणून शुद्धीवर आला की झालं असं समजून सोडून द्यायचं नाही, दवाखान्यात न्यायचंच.

या फिशमनची एक गोष्ट वाचली तेव्हा काउंटरवरच डोळे भरले होते माझे. २००३ मध्ये त्याच्या बायकोचा मुलगा, म्हणजे त्याचा सावत्र मुलगा, हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. ज्याने औषध शोधलं त्याच्या स्वतःच्या कुटुंबातलं पोरगं, आणि त्या वेळी औषध हाताशी नव्हतं कारण तेव्हा ते फक्त दवाखान्यात आणि ॲम्ब्युलन्समध्ये असायचं. नाही म्हणायला शिकागोमध्ये डॅन बिग नावाचा माणूस आणि त्याचे साथी १९९६ पासूनच नॅलॉक्सोन थेट नशा करणाऱ्यांच्या हातात देत होते, की तुमच्या सोबतच्याला झालं तर तुम्हीच द्या, डॉक्टर येईपर्यंत तो राहणार नाही. लोकांनी नावं ठेवली. पण २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितलं, की ज्यांच्यासमोर ओव्हरडोस होऊ शकतो त्या सगळ्यांकडे, म्हणजे मित्र, घरचे, बाहेरचे कार्यकर्ते, यांच्याकडे हे औषध आणि ते द्यायचं शिक्षण असलं पाहिजे. २०२३ पासून अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो.

आणि आपल्याकडे? अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे नॅलॉक्सोन. छोटा अँप्यूल, इंजेक्शन. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलवाल्या डॉक्टरांकडे असतं. माझ्या आठ वर्षांत काउंटरवर त्याची एकही चिठ्ठी आली नाही. मणिपूरमध्ये मात्र वेगळं आहे, तिथे इंफाळची सासो ही संस्था पूर्वी नशा करणाऱ्यांनीच उभी केली आणि तिथल्या अशा संस्थांनी आपल्याच साथीदारांना ओव्हरडोस ओळखायला आणि नॅलॉक्सोन वापरायला शिकवलं. म्हणजे भारतात होत नाही असं कोणी म्हणू नका.

इथे लोक मला लगेच म्हणतात, अगं नागपुरात तर एमडी चालते, पेपरात रोज एमडीच पकडलेली असते. खरं आहे, आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन हे ओपिऑइड नाही, त्याच्यावर नॅलॉक्सोनचा काही उपयोग नाही, हे मी मुद्दाम सांगून ठेवते. पण पोट्टे एकच गोष्ट घेत नाहीत. एमडी उतरवायला झोपेच्या गोळ्या, वरून दारू, कोणी ट्रामाडोल, कोणी सिरप, आणि पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ओपिऑइडवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या पडल्या की श्वास अजूनच दबतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभराचा सर्व्हे केला, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला, त्यात सुमारे ७७ लाख लोकांना ओपिऑइडच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे असा अंदाज निघाला, आणि सगळ्यात जास्त लोक असलेल्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव होतं. आमच्या घरचं पोरगं त्यात कुठेच मोजलं गेलं नसेल, त्याच्या कागदावर हार्ट अटॅक आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी सुरुवात केली. मी, एक रिटायर्ड सिस्टर ज्यांनी पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, एक ऑटोवाले भाऊ, आणि एक दादा जे स्वतः बारा वर्षं पावडरवर होते आणि आता सहा वर्षांपासून बंद आहेत. संस्था वगैरे काही नाही, नाव नाही, बॅनर नाही. मानेवाड्याकडच्या वस्तीतलं समाजभवन, महिन्यातून एक रविवार, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. सिस्टर ओळखीच्या नर्सिंग कॉलेजातून रबराची डमी मागून आणतात, ऑटोच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून.

पहिल्या वेळी अकरा जण आले, त्यातले सहा आमच्याच घरचे. सिस्टरनी विचारलं, कोणी असा पडलेला दिसला तर काय कराल? कोणी म्हणालं थंड पाणी मारू, कोणी लिंबू चोखवू, मिठाचं पाणी पाजू, कांदा फोडून हुंगवू, दोन लगावून देऊ. हे सगळं मनापासून सांगत होते लोक, हेच त्यांनी पाहिलेलं आहे. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही टाकलं की ते फुप्फुसात जाते बाबा, त्याला जगवायला गेले आणि तुम्हीच बुडवलं.

मग त्यांनी दाखवलं. आधी हाक मारा, खांदे हलवा. उठत नसेल तर मूठ करून छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या गाठींनी जोरात घासा, झोपलेला माणूस कितीही गाढ असला तरी त्याने वैतागून उठतोच. नाही उठला, ओठ-नखं निळसर, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, श्वास थांबून थांबून, तर ही झोप नाही. १०८ ला फोन, स्पीकरवर ठेवून, आणि "माणूस श्वास घेत नाहीये" हेच वाक्य पहिलं बोलायचं. उताणं करा. तोंड उघडून आत बघा, आपल्याकडे खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी असू शकते, दिसली तर बोटाने काढा. डोकं मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, पाच सेकंदांनी एक, छाती वर येते का ते बघत. श्वास अजिबात नसेल आणि अंग ढिलं पडलं असेल तर १०८ वाले सांगतील तसं छातीही दाबायची. स्वतः श्वास घ्यायला लागला की कुशीवर, वरचा गुडघा पुढे, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. आणि जवळून हलायचं नाही. नॅलॉक्सोन नसलं तरी हे प्रत्येकाला करता येते, कारण त्या माणसाला कमी पडून राहिली असते ती हवाच. हवेशिवाय चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आपल्या ट्रॅफिकमध्ये गाडी तेवढ्यात पोचत नाही.

मावशी त्या दिवशी मागे भिंतीला टेकून बसली होती, मी आणलं म्हणून आली होती. शेवटी सगळ्यांचं करून झालं तेव्हा उठली, डमीजवळ बसली, आणि आधी पदराच्या टोकाने त्या डमीचं तोंड पुसलं. हळूच, आजारी लेकराचं पुसतात तसं. मग नाक धरलं, फुंकलं. छाती नाही उठली. सिस्टरनी हनुवटी थोडी वर करून दिली. परत फुंकलं, रबराची छाती वर आली, आणि मावशी तिथेच बसून राहिली, "एवढंच होतं का वं," म्हणे, "एवढंच करायचं होतं?" कोणाजवळच उत्तर नव्हतं.

लोक विरोधही करतात. एका मंडळाच्या मोठ्या माणसाने तोंडावर सांगितलं की तुम्ही पोट्ट्यांना नशा करायचं लायसन्स देऊन राहिले. मी भांडले नाही, पण माझं म्हणणं आहे की मेलेल्या माणसाला व्यसनमुक्त करता येत नाही, आधी तो सकाळपर्यंत जिवंत राहिला पाहिजे, मग बाकीचं. आमच्यासोबतचे दादा स्वतः तीनदा केंद्रात जाऊन तीनदा परत घसरले, चौथ्यांदा टिकले. मधे दोनदा त्यांना मित्रांनी दवाखान्याच्या गेटवर टाकून पळ काढला होता. तसं टाकलं म्हणून ते आज आहेत.

पळाले का? पोलिसांना भिऊन. ही भीती खोटी नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ मध्ये नुसतं सेवन केलं तरी शिक्षा आहे. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे, पण ते अपघातापुरतं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्येच कायदा केला की ओव्हरडोससाठी मदत बोलावणाऱ्यावर नशेचा माल जवळ बाळगल्याचा खटला नाही, मग बाकी बहुतेक राज्यांनी केला. आपल्याकडे तसं काही व्हावं असं मला फार फार वाटतं. कलम ६४-अ आहे, जो स्वतःहून उपचाराला जातो त्याला सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणातल्या खटल्यातून सूट मिळू शकते, पण वस्तीत हे कोणाला माहीत आहे? वस्तीत लोकांना एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, हा शब्द तेवढा माहीत आहे, दवाखान्यात नेलं की पोलीस केस होते. आम्ही सांगतो, १०८ हा ॲम्ब्युलन्सचा नंबर आहे, डॉक्टरला मात्र काय घेतलं ते खरं सांगा, लपवलं तर उपचार चुकतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या ऑटोवाल्या भाऊंना रिंग रोडच्या बाजूला, एका बंद गाळ्याच्या ओट्यावर एक पोट्टा पडलेला दिसला, सोबतचे दोघे पळायच्या तयारीत. भाऊंनी त्यातल्या एकाला १०८ लावायला बसवलं, दुसऱ्याला मोबाइलचा टॉर्च धरायला, आणि स्वतः श्वास देत राहिले. अठरा मिनिटं. सांगताना ते म्हणतात की मला वाटे आपल्याच फुप्फुसातली हवा संपून राहिली. पोट्टा वाचला. नंतर महिनाभराने भाऊंच्या ऑटो स्टँडवर येऊन उभा राहिला, काही बोलला नाही, चहाचे पैसे देऊन गेला. तो अजून सुटलेला नाही, अधूनमधून येतो, दादांशी बोलतो. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, जी स्वतः ओपिऑइडच आहे पण तलफ भागवायला उपचार म्हणून देतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीत सुरू करायची असं चाललंय. त्यालाही लोक म्हणतात एक नशा सोडून दुसरी. पण अशा उपचारावर जो टिकून राहतो त्याचा मरणाचा धोका कितीतरी कमी होतो, हे जगभर दिसलेलं आहे.

आता जे घरून कोणाला केंद्रातून आणणार आहेत त्यांना एवढंच सांगायचं आहे, पहिले पंधरा दिवस त्याच्या खोलीची कडी आतून लागू देऊ नका, आणि त्याला न रागावता सांगा की समजा घसरलास तर एकटा राहू नको, आणि जुनं माप आता चालणार नाही. हे बोलणं म्हणजे परवानगी देणं नव्हे. रात्री घरघर ऐकू आली तर उठवून बघा. उठून चिडला तर चिडू द्या. कोणाशी बोलायचं असेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, आणि मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे.

मावशी आता दर वेळी येते, पुढच्या रांगेत बसते. सिस्टर लक्षणं सांगताना घोरण्यापाशी आल्या की थांबतात, आणि मावशी उठून तो आवाज काढून दाखवते. डोळे मिटून, घशातून, ती घर्रर्र, मग तेवढा वेळ थांबणं, मग पुन्हा. शिकवायला दुसरा काही मार्गच नाही, लिहून तो आवाज सांगता येत नाही. पहिल्यांदा तिने केलं तेव्हा मी बाहेर निघून गेले होते.

गेल्या रविवारी तिने आवाज काढला तर मागून एक बाई म्हणाली, "आमच्या यांचा असाच येते. कालही येऊन राहिला होता." सिस्टरनी हातातलं तिथेच ठेवलं आणि भाऊंच्या ऑटोत बसून त्या बाईसोबत तिच्या घरी गेल्या. नवरा जागा होता, टीव्ही बघत होता. पाठीच्या दुखण्याच्या गोळ्या वर्षभरापासून खाऊन राहिला, आठ-आठ, दहा-दहा, वरून रोजची क्वार्टर. बाईला वाटत होतं दमून झोपतात. मंगळवारी मी दुकानातून सुट्टी घेऊन त्या दोघांना मेडिकलच्या ओपीडीत घेऊन चालली आहे, मावशी पण येते म्हणाली.